अबोला आणि वाकीटाकी

अबोला धरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. रागाच्या भरात दोन दिवस तोंड फिरवणं कुणालाही जमतं. तिसऱ्या दिवशी मिठाचा डबा कुठं ठेवलाय हे विचारावंच लागतं आणि तिथं भल्याभल्यांचा अबोला मोडतो. आरणवाडीच्या जगदेवीबाईंचा तसा मोडत नसे. त्यांनी आयुष्यात तीन मोठे अबोले धरले. पहिला सासूशी, साडेचार महिने. तो सासूनंच मोडला. दुसरा नवऱ्याशी, हणमंतप्पांशी, पाऊण वर्ष. आणि त्या पाऊण वर्षाच्या शेवटी त्यांना मुलगी झाली, यावरून गाव अजून हसतं. तिसरा धाकट्या जावेशी, श्रीदेवीशी. त्याचं नववं वर्ष चालू होतं.

कारण ऐकून परक्याला हसू येईल, पण ज्यांच्या घरात लग्नकार्य होऊन गेलंय ते हसणार नाहीत. श्रीदेवीच्या मुलाचं, विरेशचं लग्न होतं. विरेश वाढला जगदेवीबाईंच्या मांडीवर. त्यांना तो दोडव्वा म्हणतो, म्हणजे थोरली आई. कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळं इथल्या लिंगायत घरांत मराठी बोलता बोलता असे कानडी शब्द सहज येऊन बसतात. तर त्या लग्नात थोरल्या जावेचा मान म्हणून श्रीदेवीनं ताटात साडी ठेवून पुढं केली. जगदेवीबाईंनी घडी उलगडली आणि ओळखली. आदल्याच वर्षी ही साडी त्यांनी स्वतः श्रीदेवीच्या बहिणीला दिली होती. पदराच्या टोकाला हळदीचा डागसुद्धा तोच. साड्या फिरतात हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं, घरोघरी कपाटाचा एक खण त्यासाठीच राखलेला असतो. पण फिरता फिरता ती पहिल्या मालकिणीच्याच ताटात येऊन पडावी, असं क्वचित घडतं.

"ही साडी मला वळखती," जगदेवीबाई पन्नास बायकांत म्हणाल्या.

श्रीदेवीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "तुमी दिली तवा चांगली हुती, आन आता वाईट कशी झाली?"

यावर खरं तर उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस अबोला धरतो. ती आपणहून बोलल्याशिवाय मी बोलणार नाही, असं जगदेवीबाईंनी जाहीर केलं, आणि तिकडं श्रीदेवीनंही नेमकं हेच जाहीर केलं. दोघीही शब्दाच्या पक्क्या, त्यामुळं प्रकरण तिथंच थांबलं.

श्रीदेवी आणि तिचा नवरा विरुपाक्ष राहायचे शेतातल्या वस्तीवर, गावापासून दीड किलोमीटर, ओढ्याच्या पलीकडं. जगदेवीबाई आणि हणमंतप्पा गावात, भूकंपानंतर मिळालेल्या पुनर्वसनाच्या घरात. भावाभावांचं छान चाललं होतं. हणमंतप्पा दिवसाआड ओढा ओलांडून वस्तीवर जात, भावाच्या घरी चहा पीत, आणि येता-जाता निरोप्याचं काम करत. "तिला म्हनावं, हरभऱ्याचं बी पाठवलंय." "त्यास्नी म्हनावं, मिळालं." ही आणि त्या, तिला आणि त्यास्नी, एवढ्या चार सर्वनामांवर दोन घरांचा नऊ वर्षं संसार चालला. हणमंतप्पा म्हणत, पोस्टातल्या माणसाला निदान रविवारची सुट्टी असते.

मग गावात वाकीटाकी आली.

त्याचं असं झालं, की आरणवाडी आहे खोलगटात. माकणीच्या धरणाच्या अंगाला जोराचा पाऊस लागला की आधी वीज जाते. वीज गेली की टॉवरची बॅटरी दोन तास तग धरते आणि मग सगळ्यांचे मोबाईल खिशातले आरसे होतात. दोन वर्षांपूर्वी असंच तीन दिवस गाव तुटलं होतं आणि एका बाळंतिणीला बाजेवर घालून चिखलातून न्यावं लागलं होतं. तेव्हापासून विरेशच्या डोक्यात हे घोळत होतं. तो हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि गावच्या आपत्ती समितीचा सचिव आहे, म्हणजे समितीचं सगळं काम तोच करतो. त्यानं एका संस्थेच्या मागं लागून सहा संच मिळवले. मुठीत मावतील एवढे, वर बोटभर एरियल, लायसन लागत नाही अशा कमी ताकदीचे. पण मोकळ्या रानात दोन किलोमीटर खणखणीत बोलणारे.

संच कुणाला द्यायचे यावर समितीची बैठक झाली. विरेशनं चार कसोट्या मांडल्या. माणूस कायम घरी असणारा हवा, दुपारी न झोपणारा हवा, सांगितलेलं न विसरणारा हवा आणि आवाज स्वच्छ हवा. चारही कसोट्यांत गावातले बहुतेक पुरुष बाद झाले. पोलीस पाटील रणधीर हे पदामुळं पास झाले. गावाच्या ओढ्याकडच्या अंगाला जगदेवीबाईंचं घर, आणि ओढ्यापलीकडं एकच वस्ती, श्रीदेवीची. बैठकीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. विरेश मान खाली घालून यादी लिहीत होता. तो हसत होता असं रणधीर पाटील नंतर सांगायचे, पण पाटलांना सगळीकडंच कट दिसतो.

शिकवणी शाळेच्या व्हरांड्यात झाली. जगदेवीबाई एका टोकाला, श्रीदेवी दुसऱ्या टोकाला. विरेशनं सांगितलं, की हा फोन नव्हे. फोनवर दोघं एकदम बोलू शकतात, यावर नाही. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकानं बटण दाबून ठेवलं तर बाकीच्या पाचही जणांची तोंडं बंद. म्हणून बोलणं थोडक्यात, आणि संपलं की शेवटी 'ओव्हर' म्हणायचं.

"ते विंग्रजी कशाला?" कुणीतरी म्हणालं. मग 'ओव्हर'ऐवजी 'हं, बोला' म्हणायचं ठरलं. सगळ्यांना पटलं. जगदेवीबाईंना पटलं नाही. आख्खा वर्ग त्यांच्याकडं बघत होता आणि त्यांची अडचण सगळ्यांना कळत होती. ज्या बाईशी नऊ वर्षं बोललो नाही तिला स्वतःच्या तोंडानं 'बोला' म्हणायचं, म्हणजे अबोल्याच्या मुळावरच घाव.

"म्या 'बास' म्हनीन," जगदेवीबाई म्हणाल्या. "संपलं की बास. तेवढं पुरं."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून, खांबाकडं तोंड करून, श्रीदेवी म्हणाली, "आमचं बी 'बास'च लिवा, सर." पोटच्या पोराला ती चारचौघांत सर म्हणायची.

जगदेवीबाईंनी संच घरी नेला, त्याला विभूतीची तीन बोटं ओढली आणि देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवला. पहिल्या आठवड्यात एक घोटाळाही झाला. संच कमरेला खोचून त्या म्हशीची धार काढायला बसल्या आणि बटण दाबलं गेलं. पाऊण तास पाच घरांनी जगदेवीबाईंचं भाषण ऐकलं. "बसून खायाचं तेवढं ठावं. कामाच्या वक्ताला अंग चोरायचं. तुज्या परीस तुजी आई बरी हुती." रणधीर पाटलांच्या घरी संच पाटलीणबाईंच्या हातात होता. त्या ऐकत राहिल्या आणि मधूनमधून पाटलांकडं बघत राहिल्या. पाटील तेव्हापासून जगदेवीबाईंना जरा टरकून असतात.

पण सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाची हजेरी त्यांनी कधी चुकवली नाही. आणि ती हजेरी म्हणजे ऐकण्यासारखी गोष्ट होती. अबोला तर मोडायचा नाही आणि निरोप तर द्यायचा, यावर दोघींनी न ठरवता एकच तोड काढली. त्या एकमेकींशी बोलतच नसत. त्या हवेला सांगत.

"वस्ती सुखरूप हाय का, ते कळावं. बास."

"वस्ती सुखरूप हाय. ओढ्याला गुडघाभर पानी. बास."

"शेरडाचा पाय बरा झाला का, ते बी कळावं. बास."

"बरा झाला. हळद लावली. सांगनाऱ्याचं भलं हुवो. बास."

शेळीच्या पायाला हळद लावायला कुणी सांगितली, कधी सांगितली, याचा उल्लेख नाही. बाकीचे चार संच त्या वेळी कान लावून बसलेले असत. हणमंतप्पांची निरोप्याची नोकरी गेली. ते म्हणत, सरकारनं मशीन आणलं की आधी गरिबाच्या पोटावर पाय येतो.

जगदेवीबाईंना साडेसातलाच आठ वाजल्यासारखं व्हायचं. भाकरी थापता थापता त्या घड्याळाकडं बघायच्या. एकदा श्रीदेवीचा आवाज घोगरा आला तर त्यांनी हवेला विचारलं, की वस्तीवर तुळशी हाय का. आता हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या, पण नऊ वर्षांत त्यांना जावेचा आवाज इतका जवळून कधी ऐकायला मिळाला नव्हता. राग आपल्या जागी होताच. राग कुठं जाणार? त्याला त्यांनी इतकी वर्षं खाऊपिऊ घातलं होतं.

सप्टेंबर सरता सरता तीन दिवस पाऊस लागला. विरुपाक्ष आदल्या दिवशी ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला उमरग्याला गेला तो तिकडंच अडकला. विरेशही सासुरवाडीला गेलेला. वस्तीवर श्रीदेवी एकटी, आणि अंगणात सोयाबीनची कापून रचलेली गंज. सकाळी वारा सुटला तसे हणमंतप्पा अस्वस्थ झाले. त्यांना साखरेचा आजार, रोज सकाळी पोटात सुई टोचून घ्यायची आणि अर्ध्या तासात जेवायचं असा दवाखान्याचा नियम. त्यांनी सुई घेतली. जगदेवीबाईंनी तव्यावर भाकरी टाकली. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि हणमंतप्पा उठले.

"गंजीवरची ताडपत्री उडंल. आलोच अर्ध्या तासात."

"आदी खा."

"भाकरी पळून चालली का?" असं म्हणून ते गेलेसुद्धा.

आठला जगदेवीबाई पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन स्लॅबवर चढल्या. पावसाळ्यात आवाज वरूनच नीट लागायचा. संच प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून धरलेला.

"मानूस तिकडं पोचला का, ते कळावं. बास."

"पोचला. गंजीवर चढलाय. बास."

"मानसानं सुई घेतलीया, खाल्लं न्हाय. मानसाला आदी जेवू घालावं. बास."

"सांगितलं. ऐकत न्हाय. बास."

आपल्याच नवऱ्याबद्दल आपल्यासारखीच वैतागलेली दुसरी बाई ऐकून जगदेवीबाईंना बरं वाटलं. ते बरं वाटणं साडेनऊपर्यंत टिकलं. मग पलीकडून आलं, की ओढ्याचं पाणी पुलावरून चाललंय, माणूस आता इकडंच राहील. आणि दहाला, जगदेवीबाईंनी खाली येऊन पुन्हा तव्यावर भाकरी टाकली तोच, संच आपणहून बोलला. दहा ही काही हजेरीची वेळ नव्हती.

"मानूस गंजीवरून खाली आला. बसलाय. घामानं भिजलाय, हात कापत्यात. कायबी बोलतोय. मला आई म्हनतोय. बास."

जगदेवीबाई भाकरी तशीच टाकून स्लॅबवर धावल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना हे दोनदा पढवलं होतं. साखर वाढली तर वेळ असतो, पण साखर उतरली तर वेळ नसतो. मधे होता ओढा, दोन पुरुष पाणी, आणि मोबाईल तर काल संध्याकाळपासून मेलेले. त्यांनी बटण दाबलं. श्रीदेवी म्हणून हाक मारावी असं ओठापर्यंत आलं. पण नऊ वर्षं जीभ ज्या वळणानं गेली त्याच वळणानं ती याही वेळी गेली.

"मानसाची साखर उतरलीया. अर्धा पेला पान्यात चार चमचे साखर कालवावी. मानूस जागा हाय तवर, गिळत असंल तरच, घोट घोट पाजावं. गिळत नसंल तर वतू नये. बास."

"साखर न्हाय. उमरग्याहून यायची हाय. गूळ हाय. बास."

"गूळ चालंल. चांगला लिंबाएवढा. इरघळवावा. लवकर करावं. बास."

मधेच खरखर झाली आणि रणधीर पाटील आले. "वहिनी, मी पाटील. मी मोटारसायकल काढून माळावर जातो. तिथं रेंज मिळते. तालुक्याला बोटीसाठी सांगतो. हं, बोला."

"जावा. पर बटन दाबू नगा मधी," जगदेवीबाई म्हणाल्या. बोट यायची म्हणजे दोन-तीन तास, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि पाटलांनाही.

बऱ्याच वेळानं, म्हणजे तीन-चार मिनिटांनी, पलीकडून आवाज आला. "पाजलं. निम्मं सांडलं, निम्मं गेलं. बास."

"पुन्यांदा करावं. बास."

"करतीया."

यात बास नव्हतं. जगदेवीबाईंनी वाट पाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की संचातून पावसाचा आवाज येतोय, आणि तो त्यांच्या डोक्यावरच्या पावसाचा नाही. पत्र्यावर पडणारा पाऊस होता तो. श्रीदेवीनं एका हातानं माणसाचं डोकं धरलं होतं, दुसऱ्या हातात पेला, आणि संच कुठंतरी मांडीखाली किंवा काखेत दाबला गेला होता. जगदेवीबाईंनी आपलं बटण दाबून पाहिलं, बोलून पाहिलं. काही उपयोग नव्हता. तिचं बटण सुटल्याशिवाय यांना तोंड नव्हतं.

नर्सबाईंनी सांगितलं होतं, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत फरक पडतो. जगदेवीबाई स्लॅबवर मधोमध पावसात बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मधे एक शब्दही न बोलता, जावेचं बोलणं ऐकत राहिल्या.

"घ्या, भावजी. आजून एक घोट. असं न्हाय, गिळा. गिळलं का? बरं." मग पेला ठेवल्याचा आवाज. "डोळं मिटू नगा. माज्याकडं बगा. कोन हाय म्या? आई न्हाय वो, आई कुटली, श्रीदेवी हाय. इरूची आई." मग बराच वेळ नुसता पाऊस. "हे बगा, भावजी. तुमाला माज्या दारात कायबी हुता कामा नये. झालं तर ती बाई माज्यासंगं जलमभर बोलायची न्हाय. आताच नऊ वरसं झाली. म्या किती वाट बगावी मानसानं?"

जगदेवीबाईंनी खोळ मागं सारली. तोंडावर पाणी आलं तरी चालेल, पण पोत्यावरच्या पावसाचा तडतडाट कानावर नको होता.

"ती साडी म्या दिली न्हवती वो," श्रीदेवी सांगत होती. कुणाला सांगत होती? अर्धवट शुद्धीतल्या दिराला, पत्र्याला, पावसाला. हवेला सांगायची दोघींना सवयच लागली होती. "तिच्यासाटी इरकल आनली हुती. जांबळ्या काठाची, सोलापूरला जाऊन. लग्नाच्या गडबडीत बहिनीनं गठुडं उलटं केलं आन ताटात भलतीच आली. ताट पुढं केलं तवा मला बी दिसली. म्या सांगनार हुते, पर ती पन्नास बायकांत बोलली. म्हून म्या बी बोलले. मग लाज वाटाय लागली. मग रोज वाटाय लागली. इरकल पेटीत तशीच हाय. दिवाळीला काढती, ऊन दाखवती, परत ठिवती."

तिनं नाक ओढलं. "आता सकाळी आठला बोलती माज्यासंगं. माज्यासंगं न्हाय बोलत, म्हाईत हाय मला. पर बोलती. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या, भावजी. डोळं उघडा."

जगदेवीबाईंच्या हातात संच होता आणि अंगठा बटणावर. दाबून उपयोग नाही हे कळत असूनही त्या ते दाबत होत्या. "उघडा की वो," त्या म्हणाल्या. हे कुणालाच ऐकू गेलं नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. घड्याळ खाली कोनाड्याशेजारी होतं. ओढ्याचा घोंघाट इथवर येत होता. मग संचातून एक जड, झोपेतून उठल्यासारखा पुरुषी आवाज आला.

"ताडपत्री बांदली का?"

"बांदली. सगळं बांदलं," श्रीदेवी म्हणाली आणि रडायला लागली.

"रडतीस कशापाई? काय पाजलंस गं ह्ये?"

"गुळाचं पानी."

चार वर्षं हणमंतप्पांनी गुळाचा खडा जिभेवर ठेवला नव्हता. मग गावातल्या झाडून सगळ्या संचांवर त्यांचा आवाज आला, हळू आणि गुपचूप. "लई ग्वाड लागतंय. हाय का आजून जरा? हिला सांगू नगंस."

खालच्या आळीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते संचावरून नव्हे, सरळ वाऱ्यावरून ऐकू आलं. जगदेवीबाईंनाही हसू आलं, आणि हसता हसता त्यांना कळलं की आपण कधीपासून रडतोय.

कट्‌ असा आवाज झाला. पलीकडचं बटण सुटलं होतं. श्रीदेवीला संच सापडला असावा आणि आपण काय केलं हे कळलंही असावं, कारण त्यानंतर तिकडून चकार शब्द येईना. जगदेवीबाईंना ती न बघताच दिसत होती. संचाकडं बघत, तोंडावर पदर धरून, मेल्याहून मेल्यासारखी झालेली. बाकीचे चारही संच गप्प होते. कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, की आता बोलायची पाळी कुणाची आहे.

जगदेवीबाईंनी बटण दाबलं. विरेशनं शिकवल्याप्रमाणं क्षणभर थांबल्या.

"श्रीदेवी."

नऊ वर्षांत हे नाव त्यांनी उच्चारलं नव्हतं. बटण सोडलं. त्यांनी पुन्हा दाबलं.

"श्रीदेवी, तू जेवलीस का?"

पाऊस पडत राहिला. मग अगदी बारीक आवाज आला. "न्हाय, अक्का."

"मग आदी जेव. त्यास्नी बी भाकर दे, दुधात कुस्करून. पोटभर दे, नुसत्या गोडावर ठिवू नगंस. आन गूळ उचलून वर ठेव, त्येंच्या हाताला लागंल असा ठेवू नगंस."

"व्हय अक्का."

"बोट आली तर येऊ दे. डाक्टरला दाखवून आन. न्हाय आली तर पानी उतरलं की म्याच येती."

"व्हय." मग जरा थांबून, "अक्का, तुमी ऐकलं का सगळं?"

"सगळ्या गावानं ऐकलं."

जगदेवीबाई उठल्या. लुगडं अंगाला चिकटलं होतं, गुडघे आखडले होते. जिन्याकडं जाता जाता त्या थांबल्या. नऊ वर्षांचा राग असा एका सकाळीत फुकटात सोडून द्यायचा हे त्यांच्या स्वभावात बसेना. त्यांनी परत बटण दाबलं.

"ती इरकल काढून ठेव."

"काढती, अक्का. नेसचाल का?"

"आदी बगू दे," जगदेवीबाई म्हणाल्या, "मधल्या काळात कुनाच्या ओटीत जाऊन आलीया का."

पलीकडचं बटण दाबलं गेलं. शब्द काही आला नाही, नुसतं हसणं ऐकू येत राहिलं, आधी श्रीदेवीचं आणि मग हणमंतप्पांचंही. ते बटण बराच वेळ कुणी सोडलं नाही. जगदेवीबाई ऐकत ऐकत जिना उतरल्या आणि तव्यावरची करपलेली भाकरी काढून त्यांनी दुसरी टाकली.